त्रिशंकू उंच दिसतोय

ऑस्ट्रेलियातल्या सिम्प्सन वाळवंटातला आजचा तिसरा दिवस. इथे लाल वाळूच्या हजाराहून जास्त टेकड्या आहेत, सगळ्या एकमेकींना समांतर, उत्तर-दक्षिण. आणि आपल्याला जायचंय पूर्वेला, बर्ड्सव्हिल गावाकडे. म्हणजे प्रत्येक टेकडी ओलांडायचीच!

दुपारी एका माथ्याखाली गाडी तीनदा घसरून मागे आली. मी जोर लावायच्या बेतात होतो. मित्र म्हणाला, "थांब रे, हवा सोड." टायर १८ वरून १४ पीएसआयवर आणले आणि चौथ्या वेळी अलगद वर. समोरून कुणी येत असेल तर त्याला आम्ही दिसावं म्हणून पुढे उंच झेंडा लावलाय, तो आधी माथ्यावर पोचला, मग आम्ही.

या वाळवंटात वांगकांगुरू लोक पिढ्यान् पिढ्या राहिले, हातांनी खोल खणलेल्या विहिरींच्या पाण्यावर. त्या विहिरींना ते मिकिरी म्हणत. आम्ही गाडीत भरून आणलेलं पाणीही मोजून पितोय. दिवसभर तेच डोक्यात आहे.

आत्ता गॅसवर पिठलं रटरटतंय. थंडी मरणाची. गावी मे महिन्यात क्षितिजाला टेकलेला दिसणारा त्रिशंकू तारकासमूह इथे केवढा उंच आलाय! मित्र कधीचा गप्प बसून वर बघतोय.