हुमुस नेमके कोणाचे?

अम्मानमध्ये शुक्रवार हा सुटीचा दिवस असतो आणि त्या दिवशीची न्याहारी आमच्या इमारतीतील बहुतेक घरांत ठरलेली असते. हुमुस, म्हणजे शिजवलेले काबुली चणे ताहिनीत, अर्थात तिळाच्या वाटणात, घोटून केलेला मऊ पदार्थ, बाकल्याच्या बिया शिजवून ठेचलेले ‘फूल’, फलाफल हे गरम तळलेले वडे, कच्चा कांदा, खारवलेली काकडी आणि हे सारे टिपून खायला खुब्ज, म्हणजे इथली पातळ रोटी. गल्लीतल्या हुमुसवाल्यासमोर सकाळीच रांग लागते, काही जण घरूनच ताटली घेऊन येतात आणि दुपारपर्यंत त्याचे पातेले रिकामे झालेले असते. पुण्यामुंबईच्या कॅफेत हुमुस गाजराच्या फोडींसोबत, फ्रिजमधून काढलेले आणि चार चमचे एवढेच मिळते. इथे मात्र ते पोटभरीचे अन्न आहे आणि ते कोमट असतानाच खायचे असते.

ते घरी कसे करायचे, हे मी शेजारच्या आजींकडून शिकले. त्यांना सारी इमारत ‘खालतो’, म्हणजे मावशी, अशी हाक मारते. त्यांचे कुटुंब मूळचे याफाचे, म्हणजे पॅलेस्टाइनमधील, आता इस्रायलमध्ये असलेल्या, एका बंदराच्या शहराचे. 1948 मध्ये, इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात, घरदार सोडून ते बाहेर पडले, तेव्हा खालतो तान्ह्या होत्या. त्यांनी मला सर्वांत आधी बजावले ते हे, की ताहिनी घालताना हात आखडता घ्यायचा नाही. पाव किलो काबुली चण्यांना दीडशे ते दोनशे ग्रॅम ताहिनी लागते, आणि हे प्रमाण ऐकून आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीच्या भुवया उंचावतील. चणे रात्रभर भिजवायचे, पाणी बदलून चमचाभर खायचा सोडा घालायचा आणि ते इतके शिजवायचे की चिमटीत धरताच दाणा चिरडला पाहिजे. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होते, सालीतील पेक्टिन विरघळते आणि साले आपोआप सुटून वर तरंगू लागतात. प्रेशर कुकर वापरला म्हणून खालतोंनी नाक मुरडले नाही, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

खरे कसब मात्र ताहिनीत आहे. ठेचलेला लसूण आधी लिंबाच्या रसात थोडा वेळ राहू द्यायचा, कारण लसणाला उग्रपणा आणणारे विकर आंबट रसात मंदावते आणि मग हुमुस दुसऱ्या दिवशीही जिभेला झोंबत नाही. हा रस गाळून ताहिनीत घातला की ती सैल होण्याऐवजी उलट आवळते, तिचा गोळा होतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की सगळे फसले. तरीही बर्फाचे पाणी चमचा चमचा घालत घोटत राहायचे. एका क्षणी गोळा मोडतो, रंग तपकिरीवरून पांढुरका होतो आणि घोटलेले मिश्रण भांड्याच्या कडेवरून संथपणे खाली उतरू लागते. त्यातच वाटलेले चणे आणि मीठ मिसळायचे. ताटलीत पसरताना चमच्याच्या पाठीने मधोमध खळगा करायचा आणि त्यात ऑलिव्ह तेल ओतायचे. जिरेपूड घालावी की नाही, यावर आमच्या इमारतीत दोन पक्ष आहेत आणि मी खालतोंच्या समोर तरी त्यांच्याच पक्षात असते.

हुमुस कोणाचे, हा वाद जगासमोर ठळकपणे आला तो 2008 मध्ये. लेबनॉनमधील उद्योजकांच्या संघटनेने तेव्हा मागणी केली की, जसे ‘फेटा’ हे नाव युरोपात केवळ ग्रीक चीजलाच वापरता येते, तसे हुमुस हे नाव लेबनॉनसाठी राखून ठेवावे. रोख अर्थातच इस्रायली कंपन्यांकडे होता. तसा दर्जा हुमुसला काही मिळाला नाही. त्याऐवजी विक्रमांची चढाओढ सुरू झाली. जानेवारी 2010 मध्ये इस्रायलमधील अबू घोश गावात चार टनांहून अधिक हुमुस करण्यात आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात लेबनॉनने 10,452 किलो हुमुस करून तो विक्रम मोडला. हा आकडा मुद्दाम निवडलेला होता, कारण लेबनॉनचे क्षेत्रफळही 10,452 चौरस किलोमीटर आहे. गंमत अशी, की जो विक्रम ‘इस्रायलचा’ म्हणून जगभर छापून आला, तो जेरुसलेमजवळच्या एका अरब गावाने केलेला होता.

इतिहास या दाव्यांपैकी कोणत्याच दाव्याला पुरते बळ देत नाही. शिजवून कुटलेल्या चण्यांच्या कृती तेराव्या शतकातील सिरिया आणि इजिप्तमधील अरबी पाकग्रंथांत सापडतात. त्यांत सिरका, खारवलेले लिंबू, तेल आणि भरपूर मसाले आहेत, काहींत ताहिनीही आहे, पण आजचे साधे, लिंबू-लसणाचे हुमुस त्यांत जसेच्या तसे सापडत नाही. शिवाय त्या काळी लेबनॉन, जॉर्डन किंवा इस्रायल या नावाची राज्येच नव्हती; आजच्या सीमा विसाव्या शतकात, ऑटोमन साम्राज्य कोसळल्यानंतर आखल्या गेल्या. अलेप्पो आणि दमास्कसमधील ज्यू कुटुंबे त्यांच्या अरब शेजाऱ्यांच्याच चवीचे जेवत होती, तर युरोपातून आलेल्या ज्यूंनी हुमुस पॅलेस्टाइनमधील अरबांकडून उचलले.

मग ‘हुमुस सगळ्यांचेच’ असे म्हणून मोकळे व्हावे का? बाहेरच्या माणसाला हे उत्तर फार सोयीचे आहे आणि म्हणूनच मला ते पटत नाही. रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशा भांडले, 2017 मध्ये बंगालच्या आणि 2019 मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि दोघेही आपापली मिठाई विकत राहिले; त्या भांडणात कोणाचे गाव गेलेले नव्हते. अमेरिकेत हुमुसच्या बाजारात आघाडीवर असलेला साब्रा हा ब्रँड बरीच वर्षे पेप्सिको आणि इस्रायलमधील श्ट्राउस या कंपन्यांच्या भागीदारीत होता. परदेशी शिकणाऱ्या नातवाने ‘इस्रायली हुमुस’ असे नाव असलेल्या डब्याचे छायाचित्र पाठवले, तेव्हा खालतोंचा राग ज्यू लोकांनी हुमुस खाण्यावर नव्हता. खाऊ देत की, असेच त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते की घर गेले, आता ताटलीवरचे नावही बदलायचे का.

तेव्हापासून पुण्याहून कोणी हुमुसची कृती विचारली, की ती पाठवताना मी वर एक ओळ लिहिते: पदार्थ शाम प्रदेशाचा, म्हणजे सिरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन आणि जॉर्डन यांचा, शिकवणारी याफाची, आणि जिरेपूड ऐच्छिक.