पाय पुढे करा, माउली

शाळेत अण्णांना ‘सर’ म्हणायचं, हे त्यांनी मला पाचवीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. घरापासून फाटकापर्यंत मी त्यांचं बोट धरून यायचे. फाटकाशी आलं की ते हळूच बोट सोडवून घ्यायचे आणि संध्याकाळी तिथेच पुन्हा पुढे करायचे. या स्मरणिकेसाठी लिहायला बसले, तेव्हा शाळेच्या आठवणी कुठल्या आणि वडिलांच्या कुठल्या, हे मला वेगळं काढताच येईना.

पांढरा सदरा, टोपी, गळ्यात तुळशीची माळ आणि खडूने कायम भुरकट झालेली बोटं. आम्हाला ते मराठी शिकवायचे. परिपाठाला पसायदान झालं की एखाद्या ओळीवर दोन मिनिटं बोलायचे. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ ही त्यांची आवडती ओळ. “खळ सांडो असं माउलींनी मागितलेलं नाही. माणूस ठेवायचा, त्याचा वाकडेपणा तेवढा काढायचा.” आमच्या वर्गातल्या एका मुलाने दिंडीतल्या एका आजोबांच्या पिशवीतून पैसे काढले होते. अण्णांनी त्याला मारलं नाही. पैसे परत करायला लावले, आणि पुढच्या वर्षी सगळ्या दिंडीच्या सामानाची राखण त्याच्यावरच सोपवली. तो रात्रभर पिशव्यांपाशी बसून होता. आता मुंबईला असतो, पण पालखीच्या दिवशी रजा काढून येतो.

लोणंद सोडून माउलींची पालखी चांदोबाच्या लिंबाकडे निघते. तिथलं पहिलं उभं रिंगण झालं की तरडगावचा मुक्काम, मग पुढे फलटण. आपलं गाव त्याच वाटेवरचं, त्यामुळे दिंड्यांचा मुक्काम शाळेत ठरलेला. वर्ग बायकांना आणि म्हाताऱ्यांना, राहुट्या मैदानात. बायकांच्या आंघोळीची तेव्हा कुठेच सोय नसे. अण्णा नववीच्या मुलांना घेऊन शाळेमागे बांबू रोवायचे, तरटाचा आडोसा करायचे आणि हौदातून पाण्याच्या बादल्या लावून ठेवायचे. त्या कामाला ते कधीही दुसऱ्या कुणाला पाठवत नसत.

संध्याकाळी व्हरांड्यात पाट मांडून बसायचे. शेजारी गरम पाण्याचं घमेलं, मिठाची वाटी आणि पळीत पातळ केलेलं आमसुलाचं तेल. भेगा पडलेला एकेक पाय मांडीवर घ्यायचा, फडक्याने टिपायचा आणि अंगठ्याने भेगेत तेल भरायचं. एकदा एका आजीने संकोचून पाय मागे घेतला. “गुरुजी, पाप लागंल मला.” अण्णा म्हणाले, “पाय पुढे करा, माउली. आम्हाला पंढरीला जायला जमत नाही, तेवढं तरी मिळू द्या.” मी कंदील धरून उभी होते.

हे सगळं आईच्या जिवावर चालायचं, हे मला लिहिलंच पाहिजे. त्या रात्री ती दुरडी दुरडी भाकरी थापायची. १९७२च्या दुष्काळात दोघांच्याही घरच्यांनी खडी फोडली होती, लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढले होते. दारी आलेला उपाशी जाता कामा नये, यावर त्यांचं कधी दुमत झालं नाही. पण आईची एक खंत होती. “अहो, पंढरी दारातून जाते नि मी चुलीपुढंच.” अण्णा यावर काही बोलत नसत. पगारातून दरमहा थोडे पैसे मात्र पोथीच्या पेटीत बाजूला पडत.

पालखी गेली की दुसऱ्या दिवशी मैदानात पत्रावळ्यांचा खच असायचा. मुलं येण्याआधीच अण्णांनी अर्धं मैदान झाडलेलं असे. २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, आपल्या शाळेत भाषणं होत नाहीत, झाडू हातात घेतात, ही पद्धत त्यांचीच. ती अजून चालू आहे, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

निवृत्त झाल्यावर पेटीतले ते पैसे त्यांनी आईच्या हातावर ठेवले, आणि दोघं आळंदीहून पायी निघाली. वेळापूरजवळ धावा सुरू झाला, तेव्हा सगळ्यांच्या देखत अण्णांनी आईचा हात धरला आणि दोघं धावली. आई हे सांगताना आजही पदराआड हसते.

२०२०मध्ये करोनामुळे वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. मुक्कामाची तिथी आली तेव्हा अण्णांनी शाळेची किल्ली मागवून घेतली. गुडघे साथ देत नव्हते, तरी व्हरांडा स्वतः झाडला, पाट मांडला आणि काळोख पडेपर्यंत तिथे बसून हरिपाठ म्हटला. आईने भाकरी केल्या होत्या. त्या आम्ही दोघींनी, आईने आणि मी, वस्तीवर वाटल्या.

पुढची वारी पायी निघाली, तेव्हा अण्णा नव्हते. दिंडी शाळेत उतरली. एका म्हाताऱ्या वारकऱ्याने व्हरांड्यात येऊन विचारलं, “गुरुजी कुठं हाईत?” मला उत्तर देता येईना. आई स्वयंपाकाच्या खोलीतून तेलाची पळी घेऊन आली, पाटावर बसली आणि म्हणाली, “पाय पुढे करा, माउली.”