अकीकाचे मणी: आधी खंभात, मग लोथल

बहुतेक जण अहमदाबादहून थेट लोथल हे हडप्पाकालीन ठिकाण गाठतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी गुजरातमधल्याच खंभातला अकीकाच्या (अ‍ॅगेट दगडाच्या) मण्यांची घडण पाहा, मग लोथलच्या संग्रहालयात शिरा. नाहीतर काचेमागचे ते लाल-पिवळे मणी पाच मिनिटांत बघून होतात.

खंभातला जायला आणंदहून रेल्वे आहे. अकीकाचं काम गल्ल्यांतल्या घरांमधूनच चालतं, त्यामुळे ओळखीतून आधी विचारून ठेवावं. दगड येतो भरूचजवळच्या रतनपूर भागातून, आणि मुळात तो मळकट, पिवळट-राखाडी असतो. उन्हात वाळवून मग भट्टीत भाजला की आतल्या लोहामुळे लालबुंद होतो. रंग लावलेला नसतो, उष्णतेने फुललेला असतो. पट्टेदार आणि शेवाळी नक्षीचा अकीकही इथे मिळतो.

घडवण्याची पद्धत बघत राहावी अशी. जमिनीत तिरपी रोवलेली टोकदार लोखंडी सळई, तिच्या टोकाला टेकवलेला दगड आणि वरून शिंगाच्या हातोडीचा हलका ठोका. टवका उडतो तो सळईच्या बाजूने! भोक पाडायचं जुनं हत्यार सुताराच्या कमानीने फिरणाऱ्या सामत्यासारखं, टोकाला हिऱ्याच्या दोन कण्या, आणि वरून पाण्याची धार. हडप्पाकाळी हिरा नव्हता, कठीण दगडाचीच टोकं वापरत. प्रयोगांत अशा टोकाने तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडलं. आता हडप्पाकाळचा बोटभर लांब मणी डोळ्यांसमोर आणा!

घासाईच्या ठिकाणी मात्र मास्क लावाच. ही धूळ सिलिकाची, आणि तिने इथल्या कारागिरांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. पाहुण्यांनी तिथे तासभर रेंगाळून फोटोसाठी काम थांबवू नये, एवढं तरी पाळावं.

विकत घेताना मणी उजेडात धरून भोकात बघा. काचेच्या नकली मण्यात बारीक बुडबुडे दिसतात. दगडात भोक दोन्ही टोकांकडून पाडलेलं असेल, तर मध्ये हलकीशी पायरी सापडते. गडद निळा, भडक गुलाबी अकीक बहुधा रंगवलेला असतो. आवडला तर घ्या, पण नैसर्गिक म्हणून जास्त पैसे मोजू नका. जपमाळ, तसबीह, गळ्यातली सर यांसाठी मणी निवडताना भोकाची कड गुळगुळीत आहे का, हे बोटाने नाही, दोरा ओढून पाहा. खरखरीत कड दोरा कापते. आणि हो, सुतरफेणी खाल्ल्याशिवाय गाव सोडू नये.

लोथलला पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी १९५५पासून उत्खनन केलं. गोदीकडे सगळे धावतात, पण मण्यांचा कारखाना आणि भट्टीची जागा चुकवू नका. संग्रहालयातल्या सोन्याच्या सूक्ष्म मण्यांसाठी भिंग न्या. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. उघड्यावर सावली नाही, पाणी आपलं आपण न्यावं. खंभातहून तारापूर-वटामण मार्गे रस्ता आहे. दिवसभरासाठी गाडीच ठरवा, कारण बसने वटामण चौकापर्यंत येणं सोपं, पुढचं अवघड.