चलान नंबर, सही, शिक्का : आमची वाटचाल

वडोदऱ्यात कारखान्यांना स्टोअरचं (मालाच्या कोठाराचं) आणि जॉबवर्कचं (बाहेरून करून घेतलेल्या कामाचं) सॉफ्टवेअर करून देणाऱ्या फर्म खंडीभर आहेत. डिलिव्हरी चलान, म्हणजे माल पोचवल्याची सही घ्यायची पावती, फाडून सॉफ्टवेअर देणारी, माझ्या माहितीत, आमची एकच. तीन प्रती, मध्ये कार्बन, वर छापील नंबर. पांढरी प्रत गिऱ्हाइकाला, गुलाबी त्यांच्या अकाउंट्सला, पिवळी आमच्या बुकात. नवीन पोरं नोकरीला आली की आधी हसतात. पहिलं पेमेंट अडकलं आणि पिवळी प्रत दाखवून सुटलं, की हसायची थांबतात.

२००३ साली दांडिया बाजारात एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि कलाभवन या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातला माझा वर्गमित्र. त्याचा हात फॉक्सप्रो या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरवर बसलेला आणि माझी जीभ गुजरातीवर, एवढंच भांडवल. घरी बोलायचं मराठी, धंद्यात गुजराती, कोटेशन इंग्रजीत. बडोद्याच्या मराठी माणसाला हे वेगळं शिकावं लागत नाही.

पहिलं गिऱ्हाईक मकरपुरा जीआयडीसीतलं, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतलं. वाल्व्ह बनवणारा कारखाना, मालकांना सगळे मोटाभाई म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांचं कास्टिंग फाउंड्रीतून यायचं, बाहेर मशिनिंगला जायचं, परत यायचं आणि मग असेंब्ली. बाहेर गेलेला माल सत्तावन्न-एफ-फोरच्या चलानावर जायचा (हा एक्साइजच्या जुन्या नियमाचा नंबर; तो नियम तेव्हाच बदललेला होता, पण मकरपुऱ्यात नाव तेच चालायचं) आणि कोणाकडे किती नग पडून आहेत हे फक्त स्टोअरकीपरच्या डोक्यात. ते आम्हाला कॉम्प्युटरवर आणायचं होतं.

काही महिन्यांनी मी बिल घेऊन गेलो. बिलावर एकच ओळ: स्टोअर मॉड्युल, पूर्ण. मोटाभाईंनी चष्मा वर केला. ‘‘मॉड्युल पूरुं एटले शुं? गणीने बताव.’’ मॉड्युल पूर्ण म्हणजे काय, मोजून दाखव. मी स्क्रीन दाखवायला लागलो. ते म्हणाले, स्क्रीन राहू दे, माझ्या गेटमधून आत काय आलं ते सांग. ‘‘चलान वगर मारा गेटनी अंदर कशुं नथी आवतुं.’’ चलानाशिवाय माझ्या गेटच्या आत काहीच येत नाही. फाउंड्रीवाला शंभर नग देतो तर चलानावर शंभर लिहितो, माझा माणूस मोजतो, सही करतो. तूही तसाच दे.

आम्हाला तो माणूस पैसे अडवतोय असं वाटलं. पण घरी बसून आम्ही ते काम खरंच नगांमध्ये मांडलं. पहिल्या चलानावर लिहिलं: आयटम मास्टर, दुबार नावं काढलेला. कारण त्यांच्या यादीत ‘बोल्ट एम-१२’, ‘एम १२ बोल्ट’ आणि ‘बोल्ट १२ एमएम’ असे तीन आयटम होते आणि तिन्हींत वेगळा साठा. स्टोअरकीपरनं रॅकवरून मनाला येतील ते आयटम उचलले, एकेकाचं नाव यादीत शोधलं, प्रत्येक एकदाच सापडला, तेव्हा शिक्का मारला. दुसरं चलान: सुरुवातीचा साठा, मोजून भरलेला. तिसरं: माल आल्याची नोंद, छापील जीआरएनसकट (माल मिळाल्याची पावती). मग इश्यू स्लिप, म्हणजे स्टोअरमधून माल दिल्याची चिठ्ठी. मग जॉबवर्कचं चलान. मग परत आलेला माल आणि त्यातली घट. घट म्हणजे दहा किलोचं कास्टिंग गेलं आणि मशिनिंग होऊन आठ किलोचं आलं, तर दोन किलो चिप्सचा हिशेब. शेवटी ‘कोणाकडे किती पडून’ हा रिपोर्ट. एकेका चलानाला सही, सहीला पैसे. मोटाभाईंनी एकाही चलानाचे पैसे थकवले नाहीत. ते आजही आमचं गिऱ्हाईक आहेत. आता त्यांचा मुलगा बघतो, पण सही करायला तोच जुना स्टोअरकीपर.

या पद्धतीला शास्त्रात वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, म्हणजे कामाची फोड, म्हणतात हे भागीदारानं नंतर कुठूनसं वाचून आणलं. अमेरिकन आरमाराचा पोलारिस क्षेपणास्त्राचा प्रकल्प १९५० च्या दशकातला; असली कामं फोडून मांडायची रीत त्या खटाटोपातून पुढे आली, आणि १९६८ साली त्यांच्या संरक्षण खात्यानं तिचं स्टँडर्डच काढलं, नंबर ८८१. भागीदार भलताच खूश. मी म्हटलं, मोटाभाईंना सांगू नकोस, रेट कमी करतील.

या पद्धतीतले दोन नियम मात्र आम्ही भिंतीवर लावले. पहिला शंभर टक्क्यांचा: खालच्या तुकड्यांची बेरीज वरच्या कामाएवढी झाली पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. म्हणजे डेटा साफ करणं, माणसांना शिकवणं, जुनं-नवं महिनाभर सोबत चालवणं, हे सगळं यादीत हवं. लोक फक्त स्क्रीन मोजतात आणि शिकवणी फुकटात जाते. दुसरा आठ-ऐंशीचा: कुठलाही तुकडा आठ तासांपेक्षा लहान नको, ऐंशीपेक्षा मोठा नको. ऐंशी तास म्हणजे एका माणसाचे दोन आठवडे. आमच्यासारख्या छोट्या फर्मला तेही परवडत नाही. आठवड्यावर गेलं की आम्ही तोडतो. आणि तुकड्याला नाव वस्तूचं द्यायचं, कामाचं नाही. ‘रिपोर्ट डेव्हलप करणे’ याच्यावर कोण सही करणार? ‘जॉबवर्क बाकी रिपोर्ट, पार्टीवार, छापील’ यावर होते.

२००७ साली भागीदार पुण्याला गेला, चांगल्या नोकरीवर, भांडण काही नाही. पुढची नऊएक वर्षं बरी गेली. माणसं वाढली, ऑफिस रावपुऱ्यात आलं, एसी बसला.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

२०१६ च्या दिवाळीनंतर वाघोडिया भागातल्या एका मशिनरी बनवणाऱ्या कंपनीनं कोटेशन मागवलं. आमच्यासाठी डोंगराएवढं काम. नुकतीच नोटबंदी झालेली, छोट्या गिऱ्हाइकांकडून पैसे येणं आटलेलं, त्यामुळे हे काम हवंच होतं. त्यांचे परचेस मॅनेजर गोड बोलणारे. ‘‘आम्हाला आकडा नको, समज हवी. तुम्ही काम कसं फोडता ते पाहू द्या.’’ आम्ही त्यांच्या शॉपफ्लोअरवर उभे राहिलो, स्टोअरमध्ये बसलो, गेटवरचं रजिस्टर चाळलं, अकाउंट्सशी बोललो. दोन माणसं याच कामासाठी घेतली. आणि पंधरा पानी यादी दिली, तिसऱ्या-चौथ्या पातळीपर्यंत फोडलेली. कुठला तुकडा कशावर अवलंबून, कोण तपासणार, किती दिवस. फुकट.

यादीत ४.६ वर बारकोडचं काम होतं. मॅनेजर म्हणाले, बारकोड यंदा नको, काढा. मी ती ओळ काढली आणि पुढचे नंबर मुद्दाम तसेच ठेवले, कारण पुढच्या पानांवर ४.७ चे संदर्भ होते. ४.५ नंतर थेट ४.७, जॉबवर्क घट.

मग फोन येईनात. मग कळलं की ऑर्डर दुसऱ्या शहरातल्या एका फर्मला गेली, आमच्या आकड्याच्या जवळपास पाऊण किमतीत. धंदा आहे, होतं असं. मी मनाला लावून घेतलं नसतं. पण त्या कंपनीच्या स्टोअरमधल्या एका ओळखीच्या माणसानं मला त्या फर्मचं प्रपोजल दाखवलं. ४.१, ४.२, ४.३, ४.४, ४.५, ४.७. त्यांच्या पहिल्या पानावर त्यांचा लोगो, आत माझी यादी. ४.६ त्यांच्याकडेही नव्हतं, कारण त्यांना तिथे काय होतं हेच माहीत नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण शाळेत पाठ केली होती, तिचा नंबर ४.७ असतो हे तेव्हा समजलं.

मी मॅनेजरना फोन केला. ते म्हणाले, ‘‘यादी म्हणजे काय हो, कोणीही करेल.’’ हे वाक्य मी विसरलेलो नाही आणि विसरणार नाही.

तो उन्हाळा वाईट गेला. घेतलेल्या दोन माणसांना काढणं मनाला पटेना, पगार मात्र दर महिन्याला येऊन उभा. बायकोच्या नावावरची एफडी मोडली. मोटाभाईंना कुठून कुणकुण लागली देव जाणे. त्यांनी वर्षभराच्या मेंटेनन्सचा चेक आगाऊ पाठवला, आणि ड्रायव्हरबरोबर निरोप: पावती नको, चलान पाठवा. चलानावर काय लिहू? ‘बारा महिन्यांचा मेंटेनन्स, द्यायचा बाकी’ असं लिहिलं. स्टोअरकीपरनं शिक्का मारून परत केलं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आम्हाला श्वास मिळाला. सगळे घाबरले होते. बाकीचे ‘जीएसटी अपडेट’ म्हणून एक ठोक आकडा सांगत होते. आम्ही ते काम फोडलं आणि सुटं विकलं. आयटम मास्टरमध्ये एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा ठरलेला नंबर), एक चलान. पार्टी मास्टरमध्ये जीएसटी नंबर, एक चलान. राज्यातल्या विक्रीला सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा कर) आणि बाहेरच्या विक्रीला आयजीएसटी, एक चलान. नवं इनव्हॉइस. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ३० जूनच्या रात्रीचा साठा, त्यात जॉबवर्करकडे पडलेला मालही. कारण तो माल ट्रान-१ मध्ये, म्हणजे जुन्या करातून जीएसटीत येतानाच्या फॉर्ममध्ये, दाखवायचा होता आणि सहा महिन्यांत परत आणायचा होता. ज्यांच्याकडे ‘कोणाकडे किती पडून’ हा रिपोर्ट होता ते निवांत झोपले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी आमच्याकडून तेवढाच तुकडा घेतला, बाकीचा नाही. गिऱ्हाइकाला खिशाप्रमाणे घेता आलं आणि आम्हाला आठवड्याला पैसे आले.

त्या वाघोडियाच्या कंपनीत काय झालं? ऐकतो ते असं: ४.७ वर गाडी अडली. यादीत नाव होतं, पण घट कशी मोजायची, कुठल्या कास्टिंगला किती टक्के चालतात, चिप्स जॉबवर्करनं ठेवल्या तर बिलातून वजा कशा करायच्या, हे यादीत नव्हतं. ते आमच्या वहीत होतं. प्रत्येक तुकड्याच्या मागे आमच्याकडे एक पान असतं: यात काय येतं, काय येत नाही, कोण पास करणार. कोटेशनबरोबर ते पान आम्ही देत नाही, तेव्हाही दिलं नव्हतं. पुढे त्यांनी एक मोठं विदेशी पॅकेज घेतलं म्हणे. आम्हाला परत बोलावलं नाही. ते मॅनेजर आता निवृत्त आहेत. कीर्तिमंदिराजवळ संध्याकाळी फिरताना दिसतात, हात हलवतात. मीही हलवतो. मला अजून राग येतो.

नवीन धंदा काढणाऱ्या पोरांना, विचारलं नाही तरी सांगतो. कोटेशनमध्ये वरच्या दोन पातळ्या द्या, तिसरी ॲडव्हान्स आल्यावर. काम फोडून देणं हेच काम आहे, त्याचं वेगळं बिल लावा. आम्ही २०१८ पासून लावतो आणि निम्मे लोक पळतात, पळू देत. गिऱ्हाइकाचा आयटी मॅनेजर सही करेल असा तुकडा करू नका, स्टोअरकीपर करेल असा करा, कारण रोज बटण तोच दाबणार आहे. एकाच चलानावर दोन वस्तू लिहू नका. एकीत खोट निघाली की दोन्हींचे पैसे अडकतात. बदल मागितला की नाही म्हणू नका, नवं चलान काढा, रेट टाका आणि चहा पाजा. आणि लग्नाच्या सीझनमध्ये गो-लाइव्ह, म्हणजे नवं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालू करणं, ठेवू नका, अर्धं स्टोअर गावाला गेलेलं असतं.

१ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आलं, तेव्हा मकरपुऱ्यातल्या बऱ्याच छोट्या कारखान्यांनी आमची दारं ठोठावली. ते कामही आम्ही तुकड्यांतच दिलं. मोटाभाईंचा मुलगा म्हणाला, आता चलान पीडीएफमध्ये पाठवा ना, कार्बन कशाला. मी स्टोअरकीपरला विचारलं. तो म्हणाला, पीडीएफवर शिक्का कुठे मारू? तेव्हा छापखान्याला आणखी बुकं सांगितली आहेत.

कोणा धंदेवाल्याला चलान बुकाचा नमुना हवा असेल तर रावपुऱ्यातल्या ऑफिसात यावं, कोरं पान आनंदानं देईन. यादीचा नमुना मागू नये.