तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रूटसचं पहिलं नाणं

रोमन नाण्यांचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, "तुमचं सगळ्यात आवडतं नाणं कोणतं?" बहुतेकांच्या मनात दोन खंजीरवालं असतं. माझं उत्तर वेगळं आहे. नाणं ब्रूटसचंच, म्हणजे रोमचा सत्ताधीश जूलियस सीझरला मारणाऱ्यांतल्या एकाचं, पण त्या खुनाच्या दहाएक वर्षं आधीचं.

चांदीचा डेनारियस, वजन जेमतेम 4 ग्रॅम. (संस्कृतातला 'दीनार' याच शब्दावरून आला.) त्या काळी रोमच्या टाकसाळीवर तरुण अधिकारी नेमत आणि ते नाण्यांवर आपल्या घराण्याचा अभिमान मिरवत. इ.स.पू. 54च्या सुमारास ब्रूटस तिथे होता. बलाढ्य सेनापती पॉम्पे हुकूमशहा होणार अशी शहरात कुजबुज होती. ब्रूटसने एका बाजूला स्वातंत्र्यदेवी लिबर्टासचा चेहरा घेतला. दुसऱ्या बाजूला त्याचा पूर्वज चालला आहे, रोमच्या शेवटच्या राजाला हाकलून पहिला कॉन्सल, म्हणजे निवडलेला सर्वोच्च अधिकारी, झालेला ब्रूटस. मागेपुढे दंडधारी सेवक, आणि खाली एकच शब्द: ब्रूटस. ते नाव पूर्वजाचं आणि नाणं पाडणाऱ्याचंही. नखाएवढ्या जागेत इतकं मावतं, याचं मला अजून नवल वाटतं.

इ.स.पू. 44च्या सुरुवातीला रोमच्या नाण्यावर प्रथमच जिवंत रोमन माणसाचा चेहरा आला, सीझरचा. चेहऱ्याभोवती 'तहहयात हुकूमशहा' ही अक्षरं. मार्चमध्ये त्याचा खून झाला.

आता खंजीरवालं नाणं. ब्रूटसच्या फिरत्या लष्करी टाकसाळीत ते इ.स.पू. 43-42मध्ये पाडलं. मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्याची टोपी, दोन्हीकडे खंजीर, खाली 'मार्चच्या इड्स', म्हणजे 15 मार्च, खुनाची तारीख. खंजिरांच्या मुठीसुद्धा वेगवेगळ्या. नाणं उलटलं की माझा जीव चरकतो. तिथे लिबर्टास नाही, पूर्वजही नाही. तिथे जिवंत ब्रूटसचा स्वतःचा चेहरा आहे, सीझरचा होता तसाच.

म्हणून मला पहिलं नाणं जास्त जवळचं. ते पाडणाऱ्याला स्वतःचा चेहरा दाखवायची गरज वाटली नव्हती.

इ.स.पू. 42च्या ऑक्टोबरात ग्रीसमधल्या फिलिप्पायच्या लढाईत सीझरच्या वारसांकडून हरल्यावर ब्रूटसने स्वतःचा जीव घेतला. तोवर ते चेहऱ्याचं नाणं पगार म्हणून त्याच्या शिपायांच्या हाती पडलं होतं.