बुडबुडा की पेशी?

परवा प्रात्यक्षिकाच्या तासाला एका मुलीनं जर्नलमध्ये छान गोल काढला आणि शेजारी लिहिलं, ‘कांद्याची पेशी’. मी तिच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. जाड काळी कड, आत काहीच नाही. हवेचा बुडबुडा होता तो. मला वाईट वाटलं, कारण कव्हरस्लिप, म्हणजे वर झाकायची पातळ काच, कशी ठेवायची हे मी वर्गात सांगितलं होतं, पण तिच्या हातून करून घेतलं नव्हतं.

मग सगळ्यांनी नव्यानं सुरुवात केली. कांद्याच्या पाकळीच्या खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्यानं सोलायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा, नाहीतर तो सुकून गुंडाळतो. नखाएवढा तुकडा पुरतो. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो घडी न पडता पसरायचा, वर आयोडीनचा एक थेंब. आता खरी कसोटी. कव्हरस्लिपची एक कड थेंबाला टेकवायची, दुसरी सुईवर पेलायची आणि सुई अगदी सावकाश खाली आणायची. पाणी काचेखाली पसरत जातं आणि हवेला पुढे ढकलत बाहेर काढतं. काच वरून सपाट टाकली की हवा अडकलीच. बाहेर आलेलं पाणी टिपकागदानं टिपायचं.

पाहायचं ते आधी कमी शक्तीच्या भिंगातून. 40 पटीच्या भिंगावर गेल्यावर फोकस जुळवायच्या मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही. भिंग काचेवर आदळतं.

आकृतीच्या बाबतीत मी हट्टी आहे. टोकदार पेन्सिल, सलग रेघ, छटा द्यायच्या नाहीत आणि पाठ्यपुस्तक बंद. पुस्तक उघडं असलं की मुलं प्रत्येक पेशीच्या मधोमध केंद्रक काढतात. कांद्याच्या पेशीत मोठी रिक्तिका, म्हणजे द्रवानं भरलेली पिशवी असते, ती केंद्रकाला भित्तिकेकडे, म्हणजे पेशीच्या भिंतीकडे रेटते. एखाद्या पेशीत ते वरून पाहताना मध्ये दिसूही शकतं, पण दहाच्या दहा पेशींत मध्येच असेल, तर त्या मुलानं पाहून काढलेलं नाही, हे मला लगेच कळतं. चुकीच्या आकृतीपेक्षा मला हे जास्त खुपतं.

त्या मुलीनं दुसरी काचपट्टी केली. बराच वेळ डोळा लावून बसली होती. मग विचारलं, “बाई, हे कडेला चिकटलंय. तसंच काढू?”

तिनं सात पेशी काढल्या. दोनमध्ये केंद्रक दिसत नव्हतं, त्या तिनं रिकाम्याच ठेवल्या.