‘हे अंशतः खरे आहे’: वस्तीत वाचलेलं विधानसभेचं एक उत्तर

“(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) सदर ठिकाणी सुमारे ४० मीटर लांबीच्या संरक्षक भिंतीचे काम पूर्ण करण्यात आले असून उर्वरित कामाबाबत कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.”

मुंबईच्या पूर्व उपनगरात डोंगराच्या उतारावर वसलेल्या एका वस्तीबद्दल विधानसभेत विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर. प्रश्न तारांकित होता, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं आणि सदस्यांनी त्यावर उपप्रश्न विचारायचे. पण प्रश्नोत्तराचा तास एकच असतो. त्यात यादीतले वरचे मोजके प्रश्न होतात आणि बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. या प्रश्नाचंही तसंच झालं. उत्तर छापलं गेलं, विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या यादीत चढलं आणि तिथंच राहिलं. वस्ती म्हणत होती, आमचं कोणी विधानसभेत मांडतच नाही. आमदारांचं कार्यालय म्हणत होतं, आम्ही मांडलं आणि उत्तरही आणलं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते.

आमचा गट लहान आहे. अधिवेशन संपलं की आम्ही प्रश्नोत्तरांच्या याद्या उघडून मुंबईतल्या वस्त्यांची, रस्त्यांची, इमारतींची नावं शोधतो आणि ज्या प्रश्नाला उत्तर आलंय तो जिथून निघाला तिथं ते उत्तर घेऊन जातो. विधिमंडळ लोकांपासून तुटत चाललंय असं कोणी म्हटलं की थेट प्रक्षेपण, समाजमाध्यमं, विद्यार्थ्यांच्या भेटी असे उपाय सुचवले जातात. लोकसभेची स्वतःची वाहिनी २००६ मध्ये आली, २०२१ मध्ये राज्यसभेच्या वाहिनीसह तिची संसद टीव्ही झाली. आपल्या राज्याच्या सभागृहांचं कामकाजही आज मोबाइलवर बघता येतं. हे सगळं हवंच आहे. पण आपल्याच प्रश्नाचं उत्तर हातात पडलं आणि त्यावर पुन्हा काही म्हणता आलं, की माणूस सभागृहाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. हे या वस्तीत त्या रविवारी फार स्पष्ट दिसलं.

डोंगरावरच्या वस्तीला भिंत म्हणजे काय, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. जुलै २००० मध्ये घाटकोपरला दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसं गेली. १८ जुलै २०२१ च्या रात्रीनं चेंबूरचं भरतनगर आणि विक्रोळीचं सूर्यनगर दोन्हीकडे बळी घेतले. त्यात ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि पुढची कित्येक वर्षं प्रभागाला नगरसेवकच नव्हता. गटारापासून दरडीपर्यंत सगळं आमदारांच्या दारात येऊन पडलं आणि तिथून विधानसभेत गेलं.

रविवारी अकराची वेळ ठरवली होती. वस्तीत पाणी सकाळी येतं, ते भरून होईपर्यंत बायका घराबाहेर पडत नाहीत, आणि अशा बैठकीत बायका नसल्या तर अर्धी माहिती येतच नाही. जागा समाजमंदिराची. कोणाच्याही फोटोचा बॅनर नाही, सत्कार नाही, भाषण नाही. या अटी आम्ही आधीच मान्य करून घेतो. व्यासपीठ आलं की लोक समोर बसून ऐकायला लागतात आणि बोलायचं राहून जातं. आमदारांना शेवटच्या अर्ध्या तासात बोलावलं होतं. सुरुवातीपासून ते बसले असते तर प्रत्येकानं आपापलं रेशनकार्ड आणि शाळाप्रवेशच काढला असता.

भिंतीवर आम्ही मोठ्या अक्षरातला एक तक्ता लावतो. झेरॉक्सच्या दुकानात प्लॉटरवर तो निघतो. अक्षर शेवटच्या रांगेतून दिसेल एवढं हवं. डावीकडे मूळ प्रश्नाचा एकेक भाग, त्याच्या अगदी समोर त्या भागाचं उत्तर. छापील यादीत चारही प्रश्न आधी येतात आणि चारही उत्तरं नंतर, त्यामुळे वाचणाऱ्याला जोड्या लावता येत नाहीत. तक्त्यावर तिसरा रकाना रिकामा असतो: जागेवर काय आहे. चौथाही रिकामा: पुरावा काय. वाचन मराठीत आणि हिंदीत, एक वाक्य झालं की थांबायचं.

दुसऱ्या भागाच्या उत्तरावर आलो तेव्हा मधल्या रांगेतल्या एक मावशी उठल्या. “चाळीस मीटर? ती भिंत आमची नाय ओ. ती खाली रस्त्याच्या अंगाला, शाळेच्या मागं. आमच्या मागं गोणी लावल्यात नुसत्या.”

पाच-सहा जण एकदम बोलायला लागले. आम्ही वाचन तिथंच थांबवलं आणि टेप घेऊन सगळे वर गेलो. शाळेमागची भिंत मोजली, ती जवळपास उत्तरात होती तेवढीच भरली. बांधकाम पक्कं, पण भिंतीतून पाणी निघायला ठेवलेली भोकं मातीनं आणि प्लास्टिकनं बुजलेली. ही साधी गोष्ट नाही. मागच्या मातीत पाणी साचलं की त्याचा सगळा दाब भिंतीवर येतो, आणि चांगली भिंतही तशीच ढकलली जाते. तिथून वळसा घालून वस्तीच्या मागच्या बाजूला गेलो. दोन चाळींच्या मागं उभा कापलेला उतार, वर सुटे दगड, खाली मातीच्या गोण्यांची रांग, गोण्या उन्हानं विरलेल्या. एका घराची मागची भिंत उतारापासून हातभर अंतरावर. मुलांनी मोबाइलवर ठिकाण आणि वेळ उमटेल असे फोटो काढले, आणि प्रत्येक फोटोत टेप किंवा माणूस दिसेल याची काळजी घेतली. नुसत्या दगडाच्या फोटोवरून उंची कळत नाही.

म्हणजे उत्तर खोटं नव्हतं. ते दुसऱ्या भिंतीचं होतं.

हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. सदस्याचा प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या विभागाकडे जातो, विभागातून क्षेत्रीय कार्यालयाकडे, तिथून कनिष्ठ अभियंत्याकडे. त्याचा अहवाल त्याच वाटेनं उलटा वर चढतो आणि प्रत्येक पायरीवर एखादं वाक्य गळतं. मंत्र्यांच्या सहीचं उत्तर शेवटी त्या खालच्या अहवालाइतकंच अचूक असतं. मूळ प्रश्नात जागा लिहिली होती “डोंगराळ भागातील वस्ती” एवढीच. ना नगर भूमापन क्रमांक, ना चाळीचं नाव. कार्यालयाच्या फायलीत त्या परिसरातली एक पूर्ण झालेली भिंत होती, तीच उत्तरात आली.

दुसरी अडचण प्रश्नाच्या बांधणीत होती. पहिल्याच भागात तीन विधानं कोंबली होती: वस्तीला दरडीचा धोका आहे, भिंतीचं काम रखडलं आहे, नागरिकांत भीतीचं वातावरण आहे, “हे खरे आहे काय?” त्यातलं एक जरी विभागाला मान्य नसलं तरी “हे अंशतः खरे आहे” म्हणता येतं, आणि कोणतं मान्य, कोणतं अमान्य हे सांगावं लागत नाही. शेवटचा भाग नेहमीचा, “अद्याप कोणतीच कार्यवाही केली नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” कार्यवाही सुरू आहे म्हटलं की विलंब उरतच नाही, मग “प्रश्न उद्भवत नाही.” अधिवेशनामागून अधिवेशन शेकडो प्रश्न या साच्यात घातले जातात. मला हे मनापासून खटकतं, कारण एका तारांकित प्रश्नावर मंत्रालयापासून विभाग कार्यालयापर्यंत किती माणसांचे किती तास जातात, हे मी जवळून बघते.

खाली येऊन लोकांबरोबर प्रश्न नव्यानं लिहायला घेतला. एका भागात एकच गोष्ट, असा नियम. पहिल्या भागात जागा: भूमापन क्रमांक, दोन्ही चाळींची नावं, कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत, टेपनं मोजलेली लांबी, अंदाजे उंची. या जागेवर संरक्षक भिंत नाही, हे खरे आहे काय? दुसऱ्या भागात: या जागेची भूवैज्ञानिक किंवा तांत्रिक पाहणी कोणत्या दिनांकास झाली व अहवालातील शिफारशी काय आहेत? तिसऱ्यात: अंदाजपत्रकाची रक्कम, प्रशासकीय मान्यतेचा दिनांक आणि कार्यादेशाचा दिनांक. चौथ्यात शाळेमागच्या भिंतीतली बुजलेली भोकं आणि शेवटच्या देखभालीचा दिनांक. दिनांक आणि रक्कम विचारली की उत्तरात एक तर आकडा येतो, नाही तर आकडा नाही हे दिसतं. ‘भीतीचे वातावरण’ आम्ही काढायला सांगितलं तेव्हा काही तरुण नाराज झाले. त्यांना वाटलं, आमचं दुःखच काढून टाकताय. ते विनंती अर्जासाठी ठेवलं.

विनंती अर्ज हा दुसरा रस्ता आणि तो फारच थोड्या लोकांना ठाऊक असतो. नागरिक थेट सभागृहाला उद्देशून अर्ज करू शकतात. तो सदस्याच्या प्रतिस्वाक्षरीनं सादर होतो आणि विनंती अर्ज समितीकडे जातो. समिती विभागाच्या सचिवांना बोलावून विचारू शकते. अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा मजकुरामुळे नव्हे, मांडणीमुळे. लोकसभेच्या नियमांत हे बारकावे नीट लिहिलेले आहेत आणि आम्ही तेच पाळायला सांगतो: भाषा संयत हवी, शेवटी नेमकी मागणी हवी, प्रकरण न्यायालयात प्रलंबित नसावं, आणि ज्या कागदावर अर्ज लिहिलाय त्याच कागदावर किमान एक सही किंवा अंगठा हवा. लोक सह्यांचा वेगळा गठ्ठा करून वर अर्ज टाचतात, तिथंच चुकतं. वस्तीतल्या मुलींनी त्याच दुपारी अर्जाच्या पानाखालीच सह्यांना जागा आखली, प्रत्येक सहीपुढे पूर्ण पत्ता.

आमदार आले तेव्हा तक्त्याचे चारही रकाने भरलेले होते. त्यांनी ते उभ्यानं वाचले, मग खाली सतरंजीवर बसून फोटो एकेक करून बघितले. त्यांनी विचारलं, “हे उत्तर मला आलं होतं तेव्हा तुम्हाला कोणी दाखवलं नाही?” कोणी बोललं नाही. त्यांच्या स्वीय सहायकांनी वहीत काही लिहून घेतलं. पुढची चर्चा कामाची झाली. नवा प्रश्न द्यायचा, पण त्याचं उत्तर यायला पुढचं अधिवेशन लागणार. अधिवेशन सुरू झालं की लक्षवेधी सूचना द्यायची, कारण त्यात मंत्र्यांना निवेदन करावं लागतं आणि उलट विचारता येतं. जुन्या उत्तरात चुकीच्या जागेची माहिती आलीय, हे पुराव्यासह अध्यक्षांना पत्रानं कळवायचं. आणि “कार्यवाही सुरू आहे” या शब्दांचा पाठपुरावा आश्वासन समितीकडे करता येतो का, ते बघायचं. लोकसभेत ‘बाब विचाराधीन आहे’ अशी वाक्यंसुद्धा आश्वासन धरली जातात आणि पूर्ततेला तीन महिने दिलेले असतात. सभागृहात दिलेला शब्द मोजणारी समिती असते, हे त्या खोलीत बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं.

सभागृहातून लोकांकडे उत्तर परत येण्याचा हा रस्ता सगळ्याच कामात तुटलेला राहतो. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीनं १ एप्रिल २०२५ पर्यंत सूचना मागवल्या, तेव्हा बारा हजारांहून अधिक आल्या. विधेयकाच्या बाजूनं असोत की विरोधात, एवढ्या लोकांनी विधानभवनाच्या पत्त्यावर लिहिणं ही मोठी गोष्ट आहे. अशा प्रत्येकाला कलमवार एक तक्ता मिळायला हवा: या कलमावर काय सूचना आल्या, कोणती स्वीकारली, कोणती नाही, का नाही. दक्षिण आफ्रिकेत लोकसहभाग ही संविधानानं घातलेली जबाबदारी आहे. २००६ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं, जनतेला पुरेसं सहभागी करून घेतलं नाही म्हणून, मंजूर झालेले कायदे अवैध ठरवले. आपल्याकडे केंद्र सरकारचं २०१४ चं धोरण आहे की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. पण मसुदा ठेवणं हा अर्धाच रस्ता झाला.

तक्ता कुठं राहणार यावर शेवटी थोडी ओढाताण झाली. मंडळाच्या पोरांना तो समाजमंदिरात हवा होता, मावशींना मागच्या चाळीत, जिथं गोण्या आहेत तिथं. दोन प्रती काढायचं ठरलं. नव्या प्रश्नाचा मसुदा आणि फोटोंची पेनड्राइव्ह स्वीय सहायकांकडे गेली. विधानमंडळाची यादी आली की उत्तराचं पान वस्तीच्या मोबाइलवरच्या गटावर टाकायची जबाबदारी त्यांनी आपल्या नावानं लिहून दिली. पाऊस मात्र अधिवेशनाची वाट बघत नाही, म्हणून बुजलेली भोकं साफ करण्याचं आणि मागच्या उताराची पावसाळ्याआधी पाहणी करण्याचं वेगळं पत्र दुसऱ्याच दिवशी विभाग कार्यालयात द्यायचं ठरलं. पोच घेऊन, पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक बघून. कारण पुढच्या तारांकित प्रश्नात तोच क्रमांक लिहायचा आहे.